देवाला बोललेली अंडी

चिचटोल्यात मोहाच्या झाडाखाली कुणी देवाला नवस बोलायला उभं राहिलं, की म्हातारी धुरपता कुठूनतरी उगवायचीच. बोलावलेलं असो की नसो. कमरेत वाकलेली, हातात शेळ्या हाकायची काठी, आणि नवस बोलणाऱ्याच्या कानाशी येऊन एकच सांगायची, "कोंबडी बोल. अंडं बोलू नको." एवढं सांगितलं की आल्या वाटेनं परत. पोरं मागून तिची नक्कल करायची, पाठीत वाकून, काठी आपटत. मोठी माणसंही तोंडावर पदर नाहीतर हात धरून हसायची. हसणाऱ्याचं काय जातं म्हणा! ज्याचं गेलं त्याला हसू येत नाही. पण एक खरं, तिला हसत हसत का होईना, गावानं तिचं ऐकलं. चिचटोल्यात मग कुणी अंडं बोललं नाही.

गोष्ट जुनी आहे. चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची. राज्य बदललं म्हणे! चिचटोल्याला त्याचा पत्ताही नव्हता. गडचिरोलीच्या बाजूला जंगलात आत शिरलेलं पंधरा-वीस झोपड्यांचं गाव, मधे नदी, पावसात नदी चढली की जगाशी संबंध तुटला. धान, थोडी कुटकी, मोहफुलं, डिंक, आणि बांबू तोडायला गेलेले पुरुष. धुरपताचा नवरा पत्रू हाही त्यातलाच. मुकाट, कामाचा, दिवसभरात दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी.

बोलायचं काम धुरपताकडं होतं. ती माणसांशी बोलायची, शेळ्यांशी बोलायची, आणि सगळ्यात जास्त कोंबड्यांशी. तिच्या कोंबड्या म्हणजे आसपासच्या चार गावांत नावाजलेल्या. बेलगाट्याच्या बाजारात तिची टोपली खाली टेकायच्या आत रिकामी व्हायची. घासाघीस करायला तर अशी पक्की, की व्यापारी लांबून तिला पाहूनच म्हणायचा, "आली बाप्पा!" पत्रूला मित्र चिडवायचे, "तुही बायको तुह्यापेक्षा कोंबड्यायचं जास्त आयकते." पत्रू म्हणायचा, "त्या अंडे देतेत. मी काय देतो?"

मंगली ही त्यांची एकच पोर. आधीची दोन जगली नव्हती. आता काही होत नाही म्हणून धुरपतानं आशा सोडून दिली, तेव्हा ही आली. हिंडायला लागली तशी आईच्या मागं खुराड्यापाशी. कोंबडी अंड्यावरून उठली रे उठली, की ही वाकून हात घालायची आणि अंडं गालाला लावून बसायची. "आई, ऊन हाय वं," म्हणायची. रोज तेच. जसं काही आज पहिल्यांदाच कोंबडीनं ऊन अंडं दिलंय. मग धुरपता ते तिच्या हातून काढून घ्यायची आणि बाजाराच्या टोपलीत ठेवायची. घरची अंडी घरात खायची रीत कुठं होती? सणावाराला एखादं. पोर पेजेवर वाढत होती, आणि चिचटोल्याची सगळीच पोरं पेजेवर वाढत होती.

चौथं लागलं आणि पोर सुकायला लागली. म्हणजे हात-पाय सुकले, पोट तेवढं वाढलं. पावलांवर सूज आली, बोट दाबलं तर खड्डा राहायचा. केस तांबूस होऊन हातात यायला लागले. हसरी पोर किरकिरी झाली, मग किरकिरायचंही सोडलं. उजव्या फासळीखाली काहीतरी टणक लागायचं. धुरपता रात्रंदिवस तिथं हात ठेवून बसायची.

मग जे सगळे करतात ते तिनं केलं. पुजारी कोलूकडं गेली. कोलू म्हणजे गावचा जाणता म्हातारा, देवाचा आणि माणसांचा मधला. तिला घेऊन तो मोहाखाली गेला, कौल बघायला दाणे मांडले, म्हणाला, "एक कोंबडा बोल. पोट उतरलं की आणून दे. बस झालं."

आता इथं बाजारातली धुरपता असती तर म्हणाली असती, कोंबडा कशाला, पिल्लू घे. पण ही आई होती. तिला वाटलं, दोन लेकरं याच देवानं नेली; तेव्हा आपण हात आखडता घेतला होता, एकेका कोंबड्यावर भागवलं होतं. ती ओरडून म्हणाली, "माह्या पोरीचा जीव एका कोंबड्याचा हाय का? देवा, माह्या खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या तुह्या. त्यायचे अंडे तुहे, पिल्लं तुहे. पोरीचं पोट उतरू दे, सगळं खुराडं तुह्या पायापाशी आणून रिकामं करतो."

कोलू दचकला. "अवं, एवढं बोलत नसतेत."

"बोलली मी."

"बोललीस त मंग आयक. बोललेलं देवाचं झालं. पोट उतरेपर्यंत तू फक्त राखायचं. त्यातलं काही खाल्लं, त ज्याच्यासाठी बोललीस तेच देव उचलून नेते."

"माहीत हाय मले," धुरपता म्हणाली.

त्या दिवशी तिनं एकेक कोंबडी धरून पायाला हळदीचा दोरा बांधला. देवाच्या कोंबड्या घरच्या उकिरड्यावर चरायला नकोत म्हणून खुराडं उचललं आणि गावाबाहेर वावरातल्या मांडवात नेलं. अंडी कोंबड्यांखालीच राहू लागली. उबली तर पिल्लं, नासली तर मातीत. मंगली विचारायची, "आई, अंडे कुठी गेले?" धुरपता म्हणायची, "देवाच्या घरी."

पत्रू बांबूच्या कामावरून परतला. पोरीला पाहिलं, बायकोचं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "देवाले बोललीस, चांगलं झालं. आता डाक्टरले बी दाखव."

बेलगाट्याला डॉक्टर गुणवंतराव नुकतेच येऊन बसले होते. नागपूरकडचे, तरुण, अंगानं किडकिडीत. मनाचे हळवे, पण तोंड म्हणजे भाजलेली मिरची. औषध फुकट देतील, पण आधी सोलून काढतील. धुरपता पोरीला पाठीशी बांधून गेली त्या दिवशी तिच्या पुढं एक शेतकऱ्याची बाई होती, तापानं फणफणलेलं पोर घेऊन. पोराच्या गळ्यात ताईत, दोरे, काय काय. डॉक्टरांनी पाहिलं आणि भडकले. "इतके दिवस कुठं होतीस? देवाकडं? नवस बोलत होतीस? मग देवाकडूनच औषध घे ना! माझ्या दवाखान्यात नवसाचं नाव काढलं तर पुडी मिळणार नाही, सांगून ठेवतो!"

त्या बाईला त्यांनी पुडी दिली, हे खरं. वर दूधही पाजलं पोराला. पण ते आतल्या खोलीत. बाहेर बसलेल्या धुरपताच्या कानात राहिलं ते एवढंच, की नवसाचं नाव काढलं तर पुडी नाही. अरे, शिकलेल्या माणसा, थोडं हळू बोलला असतास तर काय झालं असतं!

मंगलीला त्यांनी मात्र फार जपून तपासलं. फासळीखाली बोटं दाबली, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला. "बाई, हिच्या यकृतात चरबी साचलीय. काळीज म्हणता ना तुम्ही, त्याच्या खाली. नवरा काय करतो?"

"बांबू तोडते जी."

"हां. मग तुला समजेल. जंगलात बांबू तोडून थप्पी लावलीय, पण न्यायला बंड्याच, बैलगाड्याच नाहीत. काय होईल?"

"थप्पी वाढन. मंग सडन."

"तसंच झालंय. अंगात जी चरबी होते ती इथं येते, आणि इथून साऱ्या शरीरात जायला हवी. तिला नेणारी बंडी यकृतातच बनते. लेसिथिन म्हणतात तिला. ती बनवणारा एक सुतार आहे यकृतात, एन्झाइम म्हणतात. तुझ्या पोरीचा सुतार झोपलाय." डॉक्टरांचे डोळे चमकायला लागले. ही त्यांची आवडती गोष्ट होती, नागपूरच्या मित्राकडून आलेल्या मासिकांत त्यांनी वाचलेली. "या सुताराला जागं करणारी रसायनं असतात. या पुडीत कोलीन आहे, ते त्याच्या कामाचं, आणि जोडीला थोडं मॅग्नेशियमचं मीठ, त्याला ढोसून उठवायला. नवीन आहे हे. अजून फार कुणी दिलेलं नाही. पण एक ध्यानात ठेव. सुतार जागा झाला आणि हातात लाकूडच नसलं, तर तो काय करेल?"

धुरपतानं पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

"लाकूड म्हणजे अंडं. पिवळा बलक. रोज एक तरी, जमलं तर दोन. त्याच्याशिवाय पुडीचा उपयोग नाही." मग ते हसले. "तुला काय चिंता! बाजारात अंडी विकतेस ना तू? पाहिलंय मी. आहेत ना घरी कोंबड्या?"

धुरपताच्या तोंडाशी सगळं आलं होतं. मोहाचं झाड, कोलू, हळदीचे दोरे. मघाचं डॉक्टरांचं ओरडणंही आठवलं. सगळं तसंच गिळून ती म्हणाली, "हाव जी."

बाहेर कंपाउंडर नथ्थूनं पुड्या बांधून दिल्या. नथ्थू मोठा सांगकाम्या, डॉक्टरनं एकदा सांगितलेलं तो शंभरदा सांगायचा. "अंड्यासंगं दे बाई. नुसती देऊ नको."

"हाव जी," धुरपता म्हणाली.

पुडी उघडली की तिला वास यायचा सुकटीचा. सुकवलेल्या मासळीचा तसा. औषधाला असा वास? धुरपताला वाटलं नासली की काय, पण मंगलीनं नाक पुढं केलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. "सुकट!" पोरीला सुकट भारी आवडायची. पुडी तिनं चाटूनपुसून घेतली. चार दिवसांत तो वास तिच्या घामाला यायला लागला, डोक्याला, गोधडीला. तिला कुशीत घेऊन धुरपता म्हणायची, "माही मासोळी वं ही."

आणि अंडी? अंडी शेजारच्या कलाबाईनं दिली. कलाबाई मोठ्या मनाची, काही विचारलं नाही. धुरपता तिचं दळण दळायची, तिच्या शेळ्या चारायची, आणि रोज एक अंडं आणायची. उकडून पिवळा बलक पेजेत कालवायचा, पुडी चाटवायची. बघता बघता पायांची सूज उतरली. पोट अजून पुरतं उतरलं नव्हतं, नवस फेडायचा बाकी होता; पण पोटाचं कातडं सैल झालं. एक दिवस मंगली आपल्या पायांनी अंगणात गेली आणि चिंचेखाली बसून मातीच्या भाकरी थापल्या. ते पाहून धुरपता घरात जाऊन रडली. देवाला रडली, डॉक्टरला रडली, कुणाला रडली तिचं तिलाच ठाऊक नाही.

पुड्या संपल्या तेव्हा ती बेलगाट्याला गेली. डॉक्टर पोट चाचपून एवढे खूश झाले की नथ्थूला हाक मारून दाखवलं. "बघ, सुतार उठला! अंडी देतेस ना रोज?"

"हाव जी." आणि तेव्हा ते खरंही होतं.

मग पावसाच्या तोंडाशी कोंबड्यांवर मर आली. चिचटोल्यातच नाही, आसपासच्या सगळ्या टोल्यांवर, वस्त्यांवर. माना टाकून, हिरवं हगून पटापट मेल्या. कलाबाईचं खुराडं रिकामं झालं. सगळ्यांचीच झाली. वाचल्या त्या फक्त धुरपताच्या, कारण त्या गावाबाहेर वावरात होत्या. लोक म्हणाले, बघा, देवानं आपला माल कसा राखला! खुद्द धुरपतालाही तसंच वाटलं, आणि तिच्या मनातला देवाचा धाक दुप्पट झाला. ज्यानं एवढ्या मरीतून आपल्या कोंबड्या वाचवल्या तो एका अंड्याचाही हिशेब ठेवणारच की!

आता सगळ्या मुलखात अंडी होती ती एकाच ठिकाणी, तिच्या मांडवात. आणि तीच तेवढी तिच्या कामाची नव्हती. ती टोल्याटोल्यांतून हिंडली. चिखलातून, ओढे ओलांडून. कुठं एखादं मिळालं, कुठं नुसतं पाणी पिऊन परतली. एकीनं तर तोंडावर विचारलं, "तुह्याजवळच कोंबड्या हायेत म्हणे, मंग आमच्याइथी काऊन?" धुरपता काय सांगणार! घरी येऊन नुसतीच पुडी चाटवायची. पोर पुडी चाटायची आणि विचारायची, "अंडं?"

पोट पुन्हा चढलं. या वेळी डोळेही पिवळे झाले.

नदीचं पाणी जरा ओसरलं तशी ती पोरीला घेऊन पुन्हा बेलगाट्याला गेली. डॉक्टर तपासत राहिले, तपासत राहिले. "असं कसं? चांगली होत होती ना? पुडी चुकली?"

"नाई जी. एक बी नाई."

"आणि अंडी?"

इथं सांगायचं होतं तिनं. आता तरी! पण खिडकीत दोन बायका उभ्या होत्या, डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या होत्या, आणि पोरीचा सगळा जीव त्या कागदाच्या पुड्यांत आहे असं तिला वाटत होतं. पुडी नाही मिळाली तर?

"हाव जी," ती म्हणाली.

डॉक्टर खुर्चीत बसले. औषधाची बाटली पुढं ओढली. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे औषधातच दम नाही. मीच फुकट नाचलो." तरी त्यांनी पुडी मोठी केली. दुसरं देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. नथ्थूनं पुड्या बांधल्या आणि आपलं नेहमीचं म्हणून टाकलं, "अंड्यासंगं दे बाई. नुसती देऊ नको."

पत्रू तेव्हा सडकेच्या कामावर मुलचेऱ्याकडं होता. निरोप मिळाला तसा भिजत आला. पोरीच्या बाजेपाशी उभा राहिला. मग काही न बोलता वावराकडं गेला आणि हातात अंडं घेऊन परत आला. धुरपतानं ते पाहिलं आणि ती आडवी आली.

"ठेव ते. देवाचं हाय."

"चुलीवर पाणी ठेव," पत्रू म्हणाला.

"तुमाले समजते का? खाल्लं त नेईन तो इले! कोलू बोलला, देव तेच उचलून नेते!"

"न खाता बी नेऊनच राह्यला!" पत्रू ओरडला. लग्नापासून पहिल्यांदा ओरडला. तो चुलीकडं वळला, तशी धुरपता त्याच्या हाताला लोंबकळली. तो हिसका देई, ती सोडेना. आणि त्या ओढाताणीत अंडं हातातून सुटलं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर फुटलं.

पिवळा बलक जमिनीवर पसरला, ताजा, चांगला. बाजेवरून मंगलीचा बारीक आवाज आला, "आई, अंडं फुटलं का वं? कोंबडी रागावन."

पत्रू तिथंच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला. धुरपता रडली नाही. तिनं पदर खोचला आणि भर पावसात कोलूच्या दारात गेली.

"देवाले विचार. अंडे सोडते का विचार."

कोलू म्हणाला, "पेरणीपासून नव्या धानापर्यंत देवाले उठवत नाई वं. रीत हाय. नवं खाल्लं की विचारू."

"नव्या धानापर्यंत पोर राहीन का?"

"मी काय करू? माह्या बापानं असं केलं नाई, त्याच्या बापानं केलं नाई."

आणि मग धुरपता जे बोलली ते साऱ्या चिचटोल्यानं ऐकलं. तिनं कोलूला सोडलं नाही, त्याच्या बापाला सोडलं नाही, देवालाही सोडलं नाही. "पावसात त्याले कोंबड्या राखता येतेत, न माही पोरगी राखता येत नाई? माह्या घरातल्या माणसाइले मी उपाशी ठेवलं त्याच्यासाठी. त्याले म्हणा, उठ! झोपला कायले? सगळेच झोपलेत का बाप्पा, देव बी न तो सुतार बी!" सुतार कोण ते कोलूला कळलं नाही, पण बाई दारातून हलणार नाही हे कळलं. दोन दिवस ती हलली नाही. पोरीपाशी जायची, पेज भरवायचा प्रयत्न करायची, आणि पुन्हा येऊन दारात बसायची. शेवटी म्हाताऱ्यानं घोंगडी डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "चाल. पाप लागलं त मले लागन."

ओल्या मोहाखाली त्यानं दाणे मांडले. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. मग वर पाहून म्हणाला, "सोडले. अंडे सोडले देवानं. एक बकरा मागते त्याच्या बदल्यात. जा, खाऊ घाल पोरीले."

धुरपता वावराकडं धावली. चिखलात पडली, उठली. कोंबडीखालून अंडं काढलं, अजून ऊन होतं, ते पदरात छातीशी धरून घरी आणलं. पत्रूनं पाणी उकळत ठेवलेलंच होतं. उकडलं, सोललं, पिवळा बलक पेजेच्या पाण्यात मऊ कालवला, आणि बोटानं मंगलीच्या ओठांत घातला.

मंगलीनं तो तोंडात धरला. गिळला नाही. "गीळ वं माय, अंडं हाय, देवानं देलं," धुरपता म्हणत राहिली. थोड्या वेळानं तो ओठांच्या कडेनं बाहेर आला. तिनं पुसून पुन्हा घातला. पुन्हा बाहेर आला. दुपार कलायच्या आत पोर गेली. घरात उकडलेल्या अंड्याचा आणि सुकटीचा वास होता.

मंगलीला नदीच्या अलीकडं मोहाखाली पुरलं. तिसऱ्या दिवशी कोलू घरी आला. दारातच बसला, तंबाखू मळत राहिला, आणि मान खाली घालून म्हणाला, "धुरपता, रीत हाय म्हणून सांगतो. पोट उतरलं नाई. देवानं काम केलं नाई, त देवाचा हक्क बी नाई. बकरा नको. दोरे सोडून टाक. कोंबड्या तुह्या, अंडे तुहे."

धुरपतानं त्याच्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वावरात गेली. एकेका कोंबडीच्या पायाचा दोरा सोडला. दोरे पावसानं पांढरे पडले होते. मग कोंबड्यांखाली हात घालून अंडी काढत गेली. बरीच होती. त्यांतलं एक तिनं गालाला लावलं आणि तशीच उकिडवी बसून राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. कलाबाई शोधत आली तेव्हा अंडं गार झालं होतं.

टोपली डोक्यावर घेऊन ती बेलगाट्याला गेली. बाजाराकडं वळली नाही, थेट दवाखान्यात. पाठीवर पोर नाही हे डॉक्टरांनी पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. तिनं टोपली त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"अंडे जी. आता माहे झाले."

मग तिनं सगळं सांगितलं. नवस, दोरे, कलाबाईची अंडी, मर, दोन दिवसांचा कोलूचा उंबरठा. काही लपवलं नाही. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला. नेहमीसारखे भडकलेच होते ते. "मला का नाही सांगितलंस? एक शब्द! मी चांद्याहून मागवली असती अंडी, दूध दिलं असतं, काहीही..."

"तुमी त्या बाईले म्हणलं होतं जी. नवसाचं नाव काढलं त पुडी नाई."

"कुठल्या बाईला?" असं म्हणता म्हणता त्यांना आठवलं. राग कुठल्या कुठं गेला. ते सावकाश खुर्चीत बसले. औषधाला शिव्या घालून झाल्या होत्या. सुतार तर जागाच होता, उठून बसला होता बिचारा, हातात लाकूड येईना म्हणून नुसता बसून होता.

"जी," धुरपता म्हणाली, "अंडे भेटले असते त वाचली असती का?"

खोटं बोलायची सोय होती. नाही म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. हो म्हटलं असतं तर स्वतःचं औषध खरं ठरलं असतं. डॉक्टरांनी दोन्ही केलं नाही. "मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

धुरपतानं मान हलवली. अंड्यांची टोपली तिथंच ठेवून ती दारापर्यंत गेली, आणि वळली.

"एक मागू का जी?"

"माग."

"एक पुडी द्या."

"पुडी? कुणासाठी?"

"त्याचा वास यायचा तिच्या डोक्याले," धुरपता म्हणाली. "गोधडीचा गेला जी. पाऊस लागला गोधडीले."

डॉक्टरांनी दारातून नथ्थूकडं हात केला आणि बोटानं खूण केली, एक.

नथ्थू बाहेर औषधं कुटत बसला होता. आतलं त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. ओळखीची बाई, ओळखीचं औषध. त्यानं बाटली उघडली, पूड कागदावर घेतली, चारी कडा मोडून नीट बांधली आणि तिच्या हातावर ठेवली.

"अंड्यासंगं दे बाई," तो म्हणाला. "नुसती देऊ नको."

धुरपतानं पुडी मुठीत घट्ट धरली.

"हाव जी," ती म्हणाली.